जड चाक, हलके चाक

(मोटारीच्या इंजिनामागे एक जड चाक बसवलेले असते. बाहेरून ते दिसत नाही, पण ते नसेल तर इंजिन नीट चालू शकत नाही. काही हौशी लोक हे चाक लेथवर कापून हलके करतात. असे केल्याने काय मिळते आणि काय गमवावे लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

तुमच्या घरी पायाने चालवायचे शिलाई मशीन असेल, तर त्याच्या खालचे मोठे चाक तुम्ही पाहिले असेल. पाय थांबला तरी मशीन लगेच थांबत नाही. सुई आणखी दोन-चार टाके घालते आणि मग थांबते. कुंभाराचे चाकही असेच असते. कुंभार काठीने चाक जोरात फिरवतो, काठी बाजूला ठेवतो आणि दोन्ही हात मातीला लावतो. काठीने दिलेला जोर चाकात साठलेला असतो. तो जोर पुरतो तोवर मडके घडत राहते. 'चाक' हा शब्द तुम्हांला नवीन नाही. मराठीत तो कोणत्याही चाकासाठी वापरतात, तर उर्दूत कुंभाराच्या चाकाला 'चाक' म्हणतात. चरख्याचे नावही फारसीतल्या 'चर्ख' या शब्दावरून आले आहे, आणि त्याचा अर्थही फिरणारे चाक असाच आहे.

जोर साठवून ठेवणाऱ्या अशा जड चाकाला शास्त्राच्या पुस्तकात 'प्रचक्र' म्हणतात. कारखान्यात मात्र सगळे त्याला फ्लायव्हील म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

वऱ्हाडात फ्लायव्हील पाहायला फार लांब जावे लागत नसे. विहिरीवर विजेचे पंप येण्यापूर्वी अनेक शेतांत तेलाची इंजिने होती. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना दोन मोठी जड चाके असत. इंजिन सुरू करण्यासाठी शेतकरी हँडल घालून ती चाके फिरवू लागे. आधी इंजिनातला दाब सोडणारी कळ उघडी ठेवी. चाकांनी पुरेसा वेग घेतला की कळ बंद करी. मग 'फट्' असा पहिला आवाज येई आणि इंजिन चालू होई. एवढी जड चाके का लागत, ते आता पाहू.

इंजिन चार टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात ते हवा आत ओढते, दुसऱ्यात ती दाबते, तिसऱ्यात इंधन पेटते आणि चौथ्यात धूर बाहेर जातो. या चारांपैकी फक्त तिसऱ्या टप्प्यात जोर निर्माण होतो. बाकीच्या तीन टप्प्यांत जोर खर्च होतो. एका सिलिंडरच्या इंजिनात चार टप्पे पूर्ण होईपर्यंत चाकाचे दोन फेरे होतात. म्हणजे अर्धा फेरा कमाईचा आणि दीड फेरा खर्चाचा. कमाईच्या वेळी फ्लायव्हील जोर साठवते आणि खर्चाच्या वेळी परत देते. शेतकरी दिवाळीत विकलेल्या कापसाचे पैसे पुढच्या पेरणीपर्यंत पुरवतो, तसेच हे आहे.

अकोला, अमरावती, खामगाव या कापसाच्या गावांतल्या जिनिंग कारखान्यांतही पूर्वी अशी चाके होती. तिथे एक इंजिन लांब दांडा फिरवी आणि पट्ट्यांच्या साहाय्याने अनेक यंत्रे त्याच दांड्यावर चालत. एखाद्या यंत्रात कापूस अडकला, तरी बाकीची यंत्रे अडखळत नसत. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनाला मात्र असे वेगळे चाक लागत नाही. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी 'शकुंतला' ही छोटी गाडी १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. धावत्या गाडीचे वजनच तिथे फ्लायव्हीलचे काम करी.

आता मोटारीकडे वळू. मोटारीच्या इंजिनात सहसा चार सिलिंडर असतात. ते आळीपाळीने पेटतात. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा जोर मिळतो. मोटारीला तेलाच्या इंजिनाइतके मोठे चाक लागत नाही, पण चाक लागतेच. शिवाय मोटारीचे फ्लायव्हील आणखी दोन कामे करते. त्याच्या कडेला दाते असलेली कडी असते, तिला रिंग गिअर म्हणतात. किल्ली फिरवल्यावर 'सेल्फ' याच दात्यांत अडकून इंजिन फिरवतो. फ्लायव्हीलच्या सपाट, गुळगुळीत पाठीवर क्लच प्लेट दाबून बसते. क्लचचा पाय सोडला की इंजिनाचा जोर इथूनच गिअरबॉक्सकडे आणि पुढे चाकांकडे जातो.

आपल्याकडच्या जुन्या लहान मोटारींत फियाट सर्वांच्या ओळखीची आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही मोटार तिथे तयार होऊ लागली. १९७४ पासून तीच मोटार 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. तिचे इंजिन १०८९ सी.सी.चे होते आणि गाडीचे वजन सुमारे नऊशे किलो होते. नाव बदलले तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. वऱ्हाडातही डॉक्टर, वकील आणि कापसाचे व्यापारी ही गाडी वापरत. अशा काही गाड्या आजही घराघरांत जपून ठेवलेल्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. अमरावतीच्या एका तरुणाकडे वडिलांची जुनी पद्मिनी होती. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर पूर्वी मोटारींच्या शर्यती होत आणि त्यांत फियाटही धावत, हे त्याने वाचले होते. शर्यतीच्या गाड्यांचे फ्लायव्हील हलके करतात, हेही त्याला कळले होते. तो गाडी घेऊन अकोल्याला वडिलांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींनी तीस वर्षे फियाट दुरुस्त केल्या होत्या. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

"काहून रे बाबू, गाडी ओढत नाही का?" उस्तादांनी विचारले.

"ओढते उस्ताद. पण सिग्नलवरून सुटताना सुस्त वाटते. फ्लायव्हील हलकं करून द्या."

"गाडी कोण कोण चालवते?"

"मी चालवतो. आणि आईसुद्धा."

"कुठी कुठी?"

"रोज अमरावतीत. महिन्यातून दोनदा अकोल्याला. आणि डिसेंबरात चिखलदऱ्याला जायचं आहे."

"मंग तुले सिग्नलवर पळाचं हाय का घाट चढाचा हाय, ते पहिले ठरव," उस्ताद म्हणाले.

(वऱ्हाडी बोलीत 'काहून' म्हणजे का, 'कुठी' म्हणजे कुठे आणि 'तुले' म्हणजे तुला.)

उस्तादांनी लगेच पाना हातात घेतला नाही. आधी त्यांनी प्लग काढून साफ केले, कार्बोरेटर उघडला आणि इंजिनाचे टायमिंग तपासले. त्यांचे करणे योग्यच होते. जुनी गाडी सुस्त वाटते, तेव्हा दहांपैकी आठ वेळा दोष याच गोष्टींत सापडतो. गाडी थोडी सुधारली, पण तरुणाचे मन भरले नाही. तेव्हा उस्तादांनी भंगारातले एक जुने फ्लायव्हील आणून टेबलावर ठेवले. ते साधारण साडेआठ किलोचे होते.

"यातून दोन किलो काढाचे, तर कुठून काढशील?"

"कुठूनही. दोन किलो म्हणजे दोन किलोच," तरुण म्हणाला.

उस्ताद हसले. त्यांनी खडूने चाकावर दोन वर्तुळे काढली. एक वर्तुळ कडेजवळ, मध्यापासून बारा सेंटिमीटरवर होते. दुसरे आतल्या बाजूला, सहा सेंटिमीटरवर होते. "दोन किलो दोन्ही जागी सारखे नसतात," ते म्हणाले. तरुणाने वही काढली आणि हिशोब मांडला. हा हिशोब तुम्हांलाही करता येईल.

समजा, पहिल्या गिअरमध्ये गाडीचे चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन सोळा वेळा फिरते. समजा, टायरच्या मध्यापासून रस्त्यापर्यंतचे अंतर तीस सेंटिमीटर आहे. मग फ्लायव्हीलचा बारा सेंटिमीटरवरचा भाग गाडीच्या किती पट वेगाने धावतो? बाराला तिसाने भागा आणि सोळाने गुणा. उत्तर ६.४ पट येते. धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. ६.४ चा वर्ग सुमारे ४१ होतो. त्याला दोन किलोने गुणले की ८२ येतात. म्हणजे कडेवरचे दोन किलो कापले, तर पहिल्या गिअरमध्ये गाडीतून ८२ किलोचा एक माणूस उतरल्यासारखे होते!

आता तेच दोन किलो सहा सेंटिमीटरवरून कापले, तर? वेग निम्मा होतो, म्हणून वर्ग पाव होतो. फायदा फक्त वीस किलोंचा. आणि वरच्या गिअरमध्ये गाडीच्या चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे चारच फेरे होतात. तिथे कडेवरच्या दोन किलोंचा फायदा जेमतेम पाच किलो. अकोला-अमरावती रस्ता बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा असा सपाट जातो. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करण्याचा जागतिक विक्रम झाला. अशा सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये चालते. तिथे हलक्या फ्लायव्हीलचा काही उपयोग नाही. उपयोग होतो तो चौकात, गाडी सुटताना आणि खालच्या गिअरमध्ये वेग वाढवताना. शर्यतीत दर वळणावर वेग कमी करून पुन्हा वाढवावा लागतो, म्हणून तिथे हा फायदा मोठा ठरतो.

"मग कडेवरूनच काढू. जास्तच काढू. तीन किलो काढू!" तरुण उत्साहाने म्हणाला.

आता मात्र उस्तादांचा आवाज बदलला. त्यांनी विचारले, "हे कशाचं हाय, मालूम हाय का?"

"बिडाचं."

बीड म्हणजे ओतीव लोखंड. दाबले तर ते फार मजबूत असते, पण ओढले तर तडकते. फिरणाऱ्या चाकात लोखंड सतत बाहेरच्या दिशेने ओढले जाते. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेते, तेव्हा फ्लायव्हीलची कड ताशी २४५ किलोमीटर वेगाने धावत असते. मध्यापासून तेरा सेंटिमीटरवरच्या दहा ग्रॅमच्या तुकड्याला धरून ठेवण्यासाठी तेव्हा ३६ किलो वजनाइतका जोर लागतो. दहा ग्रॅम म्हणजे एखाद्या लहान नटाएवढे वजन. चाक जास्त पातळ केले किंवा वजन कमी करण्यासाठी त्यात वाटेल तिथे भोके पाडली, तर चाकाला भेग पडू शकते. भेग वाढली तर चाक फुटते. फियाटमध्ये इंजिन पुढे असते आणि फ्लायव्हील त्याच्या मागच्या टोकाला असते. म्हणजे चालवणाऱ्याच्या पायांच्या अगदी जवळ. चाक फुटले तर तुकडे पत्रा फाडून आत येतात. अमेरिकेतल्या काही वेगशर्यतींत ठरावीक वेगापुढच्या गाड्यांना या चाकाभोवती पोलादी कवच लावावे लागते, ते याच कारणाने. शर्यतीसाठी बहुधा बिडाचे चाक कापत नाहीत, पोलादाचे नवीन चाक बनवून घेतात.

उस्तादांनी शेवटी दोन अटी घातल्या. गाडीतले मूळ चाक कापायचे नाही, भंगारातले दुसरे कापायचे. मूळ चाकाला तेल लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवायचे. आणि दोन किलोंपेक्षा जास्त लोखंड काढायचे नाही. तरुण कबूल झाला.

भंगारातल्या चाकाची आधी परीक्षा झाली. उस्तादांनी ते दोरीला टांगले आणि लहान हातोडीने हळूच ठोकले. चाक घंटेसारखे वाजले. भेग असती तर आवाज फुटक्या मडक्यासारखा बसका आला असता. पण कानावर विसंबून ते थांबले नाहीत. त्यांनी चाक रॉकेलने पुसले, कोरडे केले आणि त्यावर खडूची पूड चोळली. भेग असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येते आणि पुडीवर ओली रेघ उमटते. रेघ उमटली नाही.

मग चाक लेथवर चढले. लेथला तुमच्याकडे खराद म्हणत असतील. टर्नरने चाकाच्या इंजिनाकडच्या बाजूने, कडेजवळचे लोखंड थोडे थोडे कापले. क्लच प्लेट बसते ती बाजू तशीच ठेवली. मधल्या बोल्टांच्या भोवतालची जाडीही तशीच ठेवली, कारण सगळा जोर तिथूनच जातो. रिंग गिअर गरम करून घट्ट बसवलेली असते. तिच्याखालची कड पातळ झाली तर ती ढिली होईल, म्हणून तिथेही हात लावला नाही. कोपरे धारदार ठेवले नाहीत, गोलसर केले. भेग बहुधा धारदार कोपऱ्यातून सुरू होते. शेवटी चाक आणि क्लचची प्रेशर प्लेट एकत्र बसवून बॅलन्स करून घेतली. एका बाजूला दहा ग्रॅम जास्त राहिले, तरी पाच हजार फेऱ्यांना छत्तीस किलोंचा धक्का मिनिटाला पाच हजार वेळा बसतो, हे आपण वर पाहिलेच आहे.

चाक बसवायला एक पूर्ण दिवस लागला. गाडी ठोकळ्यांवर उचलली, गिअरबॉक्स खाली उतरवला आणि क्लच काढला. काढण्यापूर्वी प्रत्येक भागावर खुणा केल्या, म्हणजे बसवताना प्रत्येक भाग आपल्या जागी येतो. नवीन चाक बसवल्यावर बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, मोजून जोर देणाऱ्या पान्याने आवळले. चाक फिरताना डुलते का, ते काट्याच्या मापकाने पाहिले. क्लच प्लेट मधोमध बसावी म्हणून तिच्यात तात्पुरता दांडा घातला. हा दांडा घालायला विसरले तर गिअरबॉक्स पुन्हा चढत नाही आणि शिकाऊ पोरे घाम गाळत बसतात.

गाडी सुरू झाली. तरुणाने रेस दिली. इंजिन पूर्वीपेक्षा झटकन चढले आणि झटकन उतरले. पण रेस सोडल्यावर ते थरथरू लागले. साठवलेला जोर कमी झाल्यामुळे दोन धक्क्यांमधले अंतर आता जाणवत होते. उस्तादांनी स्क्रू फिरवून इंजिनाचा मंद वेग थोडा वाढवला, तेव्हा ते स्थिर झाले. पेट्रोलही थोडे जास्त लागणार होते. अमरावतीच्या राजकमल चौकात मात्र तरुणाला मनासारखे मिळाले. गाडी सुटताना हलकी वाटत होती, गिअर पटकन पडत होते. त्याचा आनंद खोटा नव्हता.

डिसेंबरात घरची मंडळी चिखलदऱ्याला निघाली. परतवाड्यापर्यंत गाडी तरुणाने चालवली आणि घाटात आईने चालवायला घेतली. त्या अनेक वर्षांपासून हीच गाडी चालवत होत्या. एका वळणावर पुढचा ट्रक थांबला, म्हणून त्यांनाही थांबावे लागले. मागे दुसरी गाडी उभी होती. ट्रक हलल्यावर त्यांनी नेहमीच्या सवयीने क्लच सोडला. इंजिन बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद पडले. गाडी वीतभर मागे सरकली आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. आईंनी हँडब्रेक ओढला.

असे का झाले? उभी गाडी चढावर हलवायची, तर पहिल्या क्षणी मोठा जोर लागतो. जड चाक त्या क्षणी आपल्या साठ्यातून जोर उसना देत असे. हलक्या चाकाकडे तेवढा साठा नव्हता. उपाय एवढाच की जास्त रेस द्यायची आणि क्लच हळूहळू सोडायचा. तिसऱ्या वेळी आईंनी तेच केले. गाडी निघाली, पण क्लच प्लेट घासल्याचा जळका वास गाडीभर पसरला. मुक्कामी पोचल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "गाडीला काय केलंस रे?"

जानेवारीत गाडी पुन्हा अकोल्याला आली. उस्तादांनी काही विचारले नाही. कागदात गुंडाळलेले मूळ चाक त्यांनी फळीवरून खाली घेतले आणि शिकाऊ पोराला जॅक आणायला सांगितले. हलके चाक तरुणाने घरी नेले नाही. ते आता उस्तादांच्या दुकानात आहे. नवीन पोरगा कामाला आला की उस्ताद त्याच्यापुढे एक जड आणि हे एक हलके अशी दोन चाके ठेवतात, दोन्ही हाताने फिरवायला सांगतात आणि विचारतात, "बोल, कोणतं लवकर फिरलं? आन् कोणतं लवकर थांबलं?"

शब्दार्थ

बीड – ओतीव लोखंड
साठा – जमवून ठेवलेली वस्तू, जखीरा
उसना – परत देण्याच्या बोलीवर घेतलेला, उधार
शिकाऊ – काम शिकणारा, शागीर्द
वीतभर – हाताच्या पसरलेल्या बोटांएवढे
अट – शर्त
भेग – तडा, दरार
पान्याने आवळणे – पाना लावून घट्ट करणे, कसणे

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाय थांबल्यावरही शिलाई मशीन लगेच का थांबत नाही?
(आ) 'शकुंतला' गाडीच्या इंजिनाला वेगळे फ्लायव्हील का लागत नव्हते?
(इ) उस्तादांनी चाकावर खडूची पूड का चोळली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कडेवरचे दोन किलो आणि आतले दोन किलो यांत काय फरक आहे?
(आ) चिखलदऱ्याच्या घाटात इंजिन दोनदा का बंद पडले?

३. हे वाक्य कोण कोणाला म्हणाले ते लिहा.
(अ) "दोन किलो म्हणजे दोन किलोच."
(आ) "गाडीला काय केलंस रे?"

४. उस्तादांची वाक्ये प्रमाण मराठीत लिहा.
(अ) "मंग तुले सिग्नलवर पळाचं हाय का घाट चढाचा हाय, ते पहिले ठरव."
(आ) "हे कशाचं हाय, मालूम हाय का?"

५. उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते पाहा.

६. करून पाहा. सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाच्या आऱ्यांवर समोरासमोर सारख्या वजनाचे ओल्या मातीचे दोन गोळे, आधी धावेजवळ आणि मग मध्याजवळ, घट्ट दाबून बसवा. दोन्ही वेळा पॅडल हाताने हळूच फिरवून सोडा. चाक किती वेळ फिरत राहते ते घड्याळावर मोजा आणि वहीत लिहा.